मदत हवी आहे: ७८ वर्षांच्या बाबांची एंडोस्कोपी, तीही जागेपणी

नमस्कार मंडळी. बाबांना दोन महिन्यांपासून घास अडकल्यासारखा वाटतो, वजनही उतरलंय. त्यामुळे एंडोस्कोपी (कॅमेऱ्याची नळी घालून अन्ननलिका आणि पोट आतून बघणं) टाळता येणार नाही. फुफ्फुसांचा जुना त्रास असल्याने डॉक्टर म्हणतात, झोपेचं इंजेक्शन नको, श्वास मंदावून ऑक्सिजन उतरू शकतो. घशात फक्त लिग्नोकेनचा, म्हणजे घसा बधिर करणारा, स्प्रे मारू. वयस्कांना ओकारीची उबळही कमी येते म्हणे. पटतं, पण आमचे बाबा दात घासतानाही ओ-ओ करतात! नेहमीची नळी साधारण ९-१० मिलिमीटर जाडीची, नाकातून घालायची ५-६ मिलिमीटरचीही असते असं कळलं. पुण्यात तशी कुणी करून घेतली आहे का? तुमच्या घरच्या ज्येष्ठांना जागेपणी कितपत सोसलं? (रक्त पातळ करायच्या गोळीचं डॉक्टरांना विचारायचं राहिलंच, उद्या फोन करते.)