नमुना लहान असल्याबद्दल
शेवटच्या वर्षाला रुग्णालयात करायच्या सेवा सुधारणा प्रकल्पाला शे-दोनशे रुग्णांचा नमुना हवाच, असं वर कुणीतरी लिहिलंय, ते मला पटत नाही. ती अट संशोधनाची. इथे आपल्याच वॉर्डातलं एक काम सुधारायचं असतं. योजना, अंमल, तपासणी, दुरुस्ती हे चक्र पाच रुग्णांवरही फिरवता येतं. मोजणी मात्र बदल करायच्या आधीपासून, दर आठवड्याला हवी. आकडे आलेखावर मांडून मध्यकाची, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याची, रेघ ओढा. सलग 6 किंवा जास्त बिंदू रेघेच्या एकाच बाजूला आले, तर तो योगायोग मानत नाहीत.

अजून कुणी लिहिलं नाही ते सांगते. आमचा प्रकल्प सोलापुरातच, डिस्चार्जच्या वेळी गोळ्या समजावून सांगण्यावर होता. शहराच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, विडी वळणाऱ्या एक मावशी मराठीत सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला “हो हो” म्हणत होत्या. आमच्या एका सिस्टरांनी तेलुगूत “आता तुम्हीच सांगा, कोणती गोळी कधी घ्यायची?” असं विचारलं, तेव्हा कळलं की सकाळ-संध्याकाळच्या दोन्ही गोळ्या त्या रात्री एकदम घेणार होत्या. रक्तातली साखर कमी करणाऱ्या गोळ्या होत्या हो त्या! तेव्हापासून “समजलं का?” हा प्रश्न आम्ही बंदच केला. रुग्णाकडूनच वदवून घ्यायचं, तेही त्याच्या घरच्या भाषेत, आणि किती जणांनी बरोबर सांगितलं तेच मोजायचं. सोबत डिस्चार्जला लागणारा वेळही नोंदवा. तो वाढला तर वॉर्डातल्या सिस्टर ही पद्धत पुढे चालवणार नाहीत, आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात.