मदत हवी आहे: सहावी-सातवीच्या मराठीची रंगीत कार्डं भिजून गेली, झेरॉक्समध्ये पिवळं दिसत नाही

जांबोटीवाट (सोमवार, रात्री 9.52)
महिनाभर रात्री जागून कार्डं केली होती, वाया गेली. रंग पसरले, काहींवरचं वाचताच येत नाही. जी वाचली त्यांची झेरॉक्स काढली तर पिवळं गायब. खानापुरात कलर प्रिंट काढायला गेले तर त्यांच्या कॉम्प्युटरवर अक्षरं फुटली, 'क्रियापद'चा पार चुराडा. शुक्रवारपर्यंत परत तयार पाहिजेत. काय करू ते सांगा. नुसतं "लॅमिनेशन करा" म्हणून जाऊ नका.

धूळपाटी (10.05)
कसली कार्डं? कशावर छापली होती? मुलं किती? ताई, यातलं काहीच लिहिलेलं नाही, सांगायचं कसं?

निपाणीकर (10.11)
तुम्ही नको म्हणालात तरी सांगतो, लॅमिनेशनच करायला हवं होतं. 125 माइक्रॉनची फिल्म घ्या आणि कापताना कागदाच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटर फिल्म सोडा. बहुतेक जण कागदाला लागून कापतात, मग कडेनं ओल आत शिरते. माझी चौथी-पाचवीची कार्डं सहा पावसाळे टिकली आहेत.

जांबोटीवाट (10.30)
सहावी-सातवी, दोन्ही वर्ग एकाच खोलीत, मिळून 20 मुलं. कार्डं 48. नाम, विशेषण, क्रियापद जुळवून वाक्य करायचं. पुल्लिंगी हिरवी, स्त्रीलिंगी लाल, नपुंसकलिंगी पिवळी. निम्म्या मुलांच्या घरात कन्नड बोलतात. कन्नडात दगड पडो, फांदी पडो की झाड पडो, क्रियापद 'बित्तु'च. मराठीत पडला, पडली, पडलं. मग पोर 'मोठा फांदी पडला' म्हणतं, यात त्याचा काय दोष? म्हणून रंग घेतले. प्रिंटर घरचाच. पेटी खिडकीखाली होती, कौलातून गळलं.

शाईवाला (10.41)
माझं डीटीपीचं काम आहे, बेळगावातच. घरचा प्रिंटर म्हणजे बाटलीतून शाई भरायचा का? आणि नीट बघून सांगा: काळी अक्षरं शाबूत आणि रंग तेवढे पसरलेत, असं झालंय का?

जांबोटीवाट (10.44)
हो, अगदी तसंच! कसं ओळखलंत?

शाईवाला (10.58)
त्या जातीच्या बऱ्याच प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची असते आणि रंगीत शाया डायच्या. पिगमेंटचे बारीक कण कागदावर बसून राहतात, डाय पाण्यात विरघळते. लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे प्लॅस्टिकची पूड, ती तापवून कागदाला चिकटवलेली असते. कागद भिजला तरी रंग सुटत नाही. म्हणून कार्डं दुकानात लेझरवरच काढा, 250 जीएसएमच्या कागदावर. आधी विचारा, कारण एवढा जाड कागद प्रत्येक मशीन ओढत नाही.

अक्षरं फुटण्याचं कारण वेगळं आहे. आपल्याकडच्या दुकानांतून कन्नडची कामं जास्त, नुडी हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर असतं, तुमचा देवनागरी फाँट नसतो. वर्डची फाइल नेऊच नका. घरीच पीडीएफ करून न्या, म्हणजे फाँट फाइलच्या आतच जातो.

पिवळ्याचं म्हणाल तर काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स मशीनला पिवळा जवळजवळ पांढराच दिसतो. तिथं मशीनचा दोष नाही, पिवळा निवडायलाच नको होता.

अनगोळचा_अण्णा (11.10)
एक 32 इंची टीव्ही आणि पेन ड्राइव्ह घ्या. छपाईची कटकटच संपते. मी सांगतो कुठला घ्यायचा.

जांबोटीवाट (11.14)
अण्णा, पावसाळ्यात आमच्याकडे दुपारनंतर लाइट असेलच असं नाही. आणि मुलांनी कार्डं हातात घेऊन सरकवायची आहेत, नुसती बघायची नाहीत.

टिळकवाडी_जुना (11.20)
मूळ दुखणं हे आहे की सीमाभागातल्या मराठी शाळांकडे कुणाचं लक्ष नाही. 1956 पासून हेच चाललंय. 2004 पासून खटला सुप्रीम कोर्टात पडून आहे आणि इथं बाई स्वतःच्या पैशानं शाई भरतात.

निपाणीकर (11.26)
खरं आहे, पण माझ्या माहितीतल्या कन्नड शाळेतसुद्धा बाईच स्वतःच्या पैशानं शाई भरतात.

टिळकवाडी_जुना (11.29)
तुलना चुकीची आहे. त्यांना परिपत्रक तरी स्वतःच्या भाषेत मिळतं.

व्यवस्थापक (11.35)
यावर वेगळा धागा काढा. इथं कार्डांबद्दलच लिहा.

धूळपाटी (मंगळवार, सकाळी 6.20)
रात्रभर डोक्यात होतं म्हणून लिहिते. बावीस वर्षं शिकवते आहे. नली-कली, म्हणजे कर्नाटकातल्या शाळांची खेळत शिकायची पद्धत, तिची कार्डं आपण सगळ्यांनी हाताळली आहेत. 1995 मध्ये म्हैसूरकडच्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ते सुरू झालं. एका खोलीत वेगवेगळ्या पायरीवरची मुलं, त्यासाठी चित्रं आणि खुणांची कार्डं, हे तिथं शोभतं. पण ते पहिली ते तिसरीसाठी. सहावीच्या मुलाला अख्खं कार्ड लाल दिलंत तर तो लालला लाल जोडतो आणि शब्द वाचतच नाही. चाचणीत काय झालं ते खरं सांगा.

जांबोटीवाट (7.02)
खरं सांगते. कार्डांवर वीसपैकी सतरा मुलांची वाक्यं बरोबर आली. चाचणीचा कागद काळा-पांढरा, त्यावर सहाच जणांची. मी समजले होते की घाबरली असतील.

निपाणीकर (7.15)
मग रंग काढूनच टाका. काळ्या अक्षरात छापा, खडू-पेन्सिली द्या, मुलं रंगवतील.

धूळपाटी (7.21)
पूर्ण काढू नका! रंगानं लक्ष कुठं द्यायचं ते कळतं, ते हवंच आहे. फक्त रंग शेवटच्या अक्षराला द्या: मोठा-मोठी-मोठं यातला ठा, ठी, ठं आणि पडला-पडली-पडलं यातला ला, ली, लं. मुलाची नजर तिथंच जायला हवी, कारण बदल तिथंच होतो. नामाला रंग देऊच नका. 'फांदी' स्त्रीलिंगी आहे हे त्यानं 'ती फांदी' म्हणून स्वतः ठरवायचं. आठवडाभरानं दुसरा संच काढा, त्यात रंगाऐवजी नुसती रेघ. तिसरा संच कोरा, तो मुलं रंगवतील. निपाणीकर, तुमचं रंगवणं तिथं येतं, पण शेवटी.

शाईवाला (8.40)
याला शाईही फार कमी लागेल. एक काळजी घ्या, फक्त मात्रेला रंग द्यायला जाऊ नका. 'ठी'मधली वेलांटी वेगळी रंगवली की बऱ्याच ठिकाणी अक्षर तुटतं आणि वेलांटीशेजारी ठिपक्यांचं वर्तुळ येतं. अख्खं 'ठी' रंगवा.

जांबोटीवाट (दुपारी 1.35)
मधल्या सुट्टीत लिहिते आहे. सातवीतला एक मुलगा आहे. तोंडी विचारलं तर एकही चूक नाही, कार्डं जुळवताना मात्र लाल-हिरव्यात दर वेळी घोळ. चाचणीतल्या त्या सहांत तो होता. असं कसं?

लोंढा_पॅसेंजर (1.50)
मी शिक्षक नाही, पण हे वाचून राहवलं नाही. माझ्या भावाला लाल आणि हिरवा वेगळे ओळखू येत नाहीत. घरात कळलं तेव्हा तो नववीत होता, तोवर मार खाल्ला. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो म्हणून मुलींपेक्षा मुलग्यांत बराच जास्त असतो. तुमच्या मुलाला तेच असेल असं मी म्हणत नाही, डोळ्यांचे डॉक्टर ठिपक्यांची पानं दाखवून सांगतील. पण त्याला वर्गात सगळ्यांसमोर "हा रंग कुठला" असं विचारू नका, ही विनंती. रंग घ्यायचेच तर गडद निळा आणि नारिंगी घ्या, आणि तिसऱ्याला काळाच राहू द्या.

शाईवाला (2.05)
झेरॉक्समध्येही गडद निळा काळपट येईल, नारिंगी फिकट करडा. पण मग निळा आणि काळा सारखेच दिसतील, म्हणून रंगाखाली रेघही द्या: पुल्लिंगाला एक, स्त्रीलिंगाला दोन, नपुंसकलिंगाला नागमोडी. मग कुठल्याही मशीनवर चालेल.

अनगोळचा_अण्णा (2.30)
टीव्हीवर रंग हवे तसे बदलता येतात, तेवढंच सांगतो.

जांबोटीवाट (बुधवार, रात्री 8.15)
काल दोनदा रागावले होते त्या मुलाला. आज शाळा सुटल्यावर त्याला थांबवलं, चार जुन्या कार्डांखाली पेनानं रेघा मारल्या आणि काहीच न सांगता पुढं ठेवली. 'मोठी', 'फांदी', 'पडली' त्यानं सरळ उचलली. मग म्हणाला, "बाई, ही जास्त सोपी आहेत, सगळी अशीच करा की." वडिलांना निरोप दिलाय, शनिवारी डोळे दाखवायला नेणार आहेत.

फाइल नव्यानं केली: निळा, नारिंगी, काळा आणि रेघा. पीडीएफ पण झाली. आता एकच विचारायचं आहे, निपाणीकर सर, फिल्म चकचकीत घेऊ की मॅट? खिडकीसमोर बसणारी मुलं जास्त आहेत.

निपाणीकर (8.22)
मॅट घ्या, खिडकीची चमक येणार नाही. चकचकीत फिल्मवर व्हाइटबोर्डचं मार्कर सहज पुसतं, मॅटवर कधी कधी डाग राहतो, म्हणून आधी एका कार्डावर लिहून बघा. आणि कडा सोडून कापा.

धूळपाटी (8.40)
फाइल इथं टाकाल का? आमच्या सहावीलाही 'मोठा फांदी' आहेच.