गजाची किल्ली ठेवायची कुठे? (त्रिनिदाद)

कुव्हावाली:
नवरा पॉइंट लिसासच्या प्लांटवर, आम्ही कुव्हात. सहा वर्षं झाली. घर बघायला आलो तेव्हा मालकीणबाईंनी आधी स्वयंपाकघर नाही, खिडक्यांचे गज दाखवले. इथे त्याला 'बर्ग्लर प्रूफ' म्हणतात. तेव्हा मला हसू आलं होतं. आता रात्री आधी कुलपं ओढून बघते, मग गॅस.

२०२४ मध्ये इथे सहाशेवर खून झाले, लोकसंख्या जेमतेम पंधरा लाख. ३० डिसेंबरला आणीबाणी लागली. कर्फ्यू नव्हता, म्हणून आईला फोनवर "तशी नाही गं ही" म्हणत राहिले. पुढच्या जुलैत पुन्हा लागली, मग काय म्हणायचं ते सुचेना. बरेचसे खून टोळ्यांचे आपापसातले, कळतं मला. पण मागच्या महिन्यात आमच्या मागच्या गल्लीत घरात शिरले, त्या म्हाताऱ्या जोडप्याचं कुठल्या टोळीशी काय देणंघेणं?

तर, बेडरूमच्या एका खिडकीचे गज आतून उघडतात. हा म्हणतो किल्ली कुलपाजवळ नको, बाहेरून हात घालून काढतील. मी म्हणते, आग लागली तर अंधारात चाचपडायचं का? शिवाय लेक सतराची, क्लासला सॅन फर्नांडोला जाते. कशाने पाठवता तुम्ही?

दक्षिणेकडचा:
ताई, खिळा ठोका. खिडकीतून हात पोचणार नाही इतक्या लांब, पण पलंगावरून उठल्यावर लागेल असा. घरातल्या सगळ्यांना तीच जागा माहीत हवी. आणि दिवे घालवून एकदा उघडून बघा. आमच्याकडे किल्ली लगेच मिळाली, कुलूप मात्र खाऱ्या हवेनं गंजलेलं! तेल घाला.

लेकीला हिरव्या पट्ट्याच्या मॅक्सीनं, म्हणजे शेअर मिनीबसनं, पाठवा. टॅक्सी घेतलीच तर नंबरची पाटी 'एच'ने सुरू होणारी बघा, ती भाड्याच्या गाडीची; 'पी' म्हणजे खाजगी गाडी. पण पाटीवर विसंबू नका. २०२१ मध्ये ज्या मुलीचा खून झाला, ती बसली त्या गाडीची 'एच' पाटी खोटी होती. बसण्याआधी पाटीचा फोटो घरी पाठवायचा, ड्रायव्हरला दिसेल असा.

पुणेकर_७७:
एवढं आहे तर परत का येत नाही?

कुव्हावाली:
पुणेकर, लेकीची परीक्षा तोंडावर आहे, आणि तिला इथेच राहायचंय. तुम्ही समजवा तिला, मी हरले.

दादा, पेपर स्प्रेचं काय? त्या खुनानंतर कायदा झाला ना?

दक्षिणेकडचा:
झाला, पण परमिट लागतं. तिला आत्ता देऊ नका.

कुव्हावाली:
काल दिवे घालवून बघितलं. मला खिळा सापडला, कुलूप हलेना. ह्यानं तेल आणलं. दुसऱ्या खेपेला लेकीनं उघडलं, आम्हा दोघांच्या आधी. मग म्हणाली, "पण बंद कोण करणार?" तिघंही अंधारात किल्ली शोधत होतो, ती तिच्याच मुठीत होती.