मदत हवी आहे: रीफ टँकमधला छोटा क्लॅम नीट उघडत नाहीये

अबोली_एनजे:
रीफ टँक (प्रवाळांचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) ठेवणारं कोणी असेल तर प्लीज लवकर सांगा. आमचा क्लॅम (पाळलेला जिवंत शिंपला) नीट उघडत नाहीये. आधी मँटल (आतला रंगीत, मांसल पडदा) शिंपल्याच्या काठाबाहेर छान पसरलेला असायचा. आता एका बाजूनं आत ओढल्यासारखा दिसतो, आणि दुपारनंतर तर जवळजवळ मिटूनच बसतो. पाणी तपासलं, सगळं ओके आहे. दुकानदारानं फायटोप्लँक्टनची (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म हिरव्या शैवालाची) बाटली दिली, रोज घालतेय, काडीचाही फरक नाही. लेकीनं स्वतः निवडलेला आहे हो, असा डोळ्यांदेखत जाऊ द्यायचा नाहीये. काय करू?

खाडीकाठची:
शिजवल्यावरही उघडत नसेल तर टाकून दे गं. पुढच्या वेळी तिसऱ्या आणल्यास की मिठाच्या पाण्यात तास-दोन तास ठेव, वाळू आपोआप सोडतात.

अबोली_एनजे:
काकू, खायचा नाहीये, पाळलेला आहे!

प्रवाळप्रेमी:
"सगळं ओके" यावरून काहीच कळत नाही, आकडे द्या. क्लॅम कुठला? मॅक्सिमा, क्रोसिया, की डेरासा? केवढा? वाळूवर आहे की दगडावर? दिवा कुठला, मासे कुठले?

अबोली_एनजे:
मॅक्सिमा, निळा, दीड इंचाच्या आसपास. दगडावर ठेवलाय. तापमान ७८ फॅरनहाइट, खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, अल्कलिनिटी ८.५, कॅल्शियम ४३०, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. म्हणूनच म्हटलं ना, ओके आहे. मासे त्याला काही करत नाहीत.

प्रवाळप्रेमी:
नायट्रेट शून्य, इथेच घोडं पेंड खातंय. क्लॅमच्या मँटलमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर साखर बनवतं आणि त्यावर क्लॅम जगतो. त्या शैवालाला नायट्रोजन लागतो, तो क्लॅम पाण्यातूनच घेतो. इतकं स्वच्छ पाणी म्हणजे त्याची उपासमार. माशांचं खाणं वाढवा, स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) थोडा कमी चालवा, नायट्रेट पाचच्या आसपास येऊ द्या. पॅसिफिकमधल्या क्लॅमच्या शेतीत पिल्लांच्या टाक्यांत मुद्दाम अमोनियम घालतात. त्या हिरव्या बाटलीवर पैसे घालवू नका.

डोंबिवलीकर_दुबई:
सपशेल असहमत. दोन इंचांखालच्या क्लॅमला फायटो लागतंच, त्याचा मँटल अजून लहान असतो. माझे दोन क्रोसिया फायटोवरच मोठे झाले.

प्रवाळप्रेमी:
तुमच्या टँकमध्ये मासे किती, ते सांगा ना. क्लॅम त्यांच्या घाणीवर वाढले, श्रेय बाटलीला मिळालं.

डोंबिवलीकर_दुबई:
क्लॅम गाळून खाणारा प्राणी आहे, त्याला कल्ले उगाच दिलेत का? असो. ताई, दिवा कुठला ते तुम्ही अजून सांगितलंच नाहीत. मॅक्सिमाला कडक उजेड लागतो, पण एलईडी एकदम वाढवला तरी तो मिटतो.

अबोली_एनजे:
एलईडीच आहे, वाढवलेला नाही.

पुणेरी_मत्स्यालय:
अवांतर: हा निळा क्लॅम पुण्यात कुठे मिळेल? किंमत काय पडेल?

लाटांवरचा:
@पुणेरी_मत्स्यालय, शोधूच नका. मॅक्सिमा आणि स्क्वामोसा या क्लॅमच्या दोन्ही जाती वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. कठीण प्रवाळही तिथेच. भारतात कोणी विकत असेल तर तो गुन्हा, आणि घरात ठेवणंही गुन्हाच. लक्षद्वीपला पाण्यात उतरून पाहा, मॅक्सिमा खडकात रुतून बसलेले दिसतात. त्याचं सुख वेगळंच.

पुणेरी_मत्स्यालय:
पण अमेरिकेत कसं चालतं मग?

लाटांवरचा:
तिथे बरेचसे शेतीत वाढवलेले येतात, साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागदपत्रांसह. इथल्या समुद्रातून काढलेल्यांना ते लागू नाही.

शंखिनी:
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? ताई, एकाच बाजूचा मँटल आत जातोय म्हणजे त्या बाजूला काहीतरी टोचतंय. "मासे काही करत नाहीत" हे सोडा, नावं सांगा. आणि दिवे बंद झाल्यावर तास-दोन तासांनी लाल उजेडाची बॅटरी घेऊन क्लॅमचा काठ बघा. नंतर उचलून बूडही बघा. बुडाशी फट असते, तिथून त्याचा पाय निघतो आणि धाग्यांनी दगड धरतो. धरला असेल तर ओढू नका, पाय फाटला की क्लॅम गेलाच. धागे ब्लेडनं दगडाच्या बाजूनं कापा.

अबोली_एनजे:
दोन क्लाउन आणि एक कोरल ब्यूटी. रात्री बघते.

प्रवाळप्रेमी:
कोरल ब्यूटी?! हे आधी सांगायला नको होतं का? तो एंजलफिश आहे, मँटल टोचणारच. आजच काढा.

डोंबिवलीकर_दुबई:
सगळेच टोचत नाहीत. माझा नाही टोचत.

अबोली_एनजे:
बघितलं. काठावर, मँटलच्या अगदी खाली, पांढुरके कणीएवढे शंख. टोकदार. दिवसा एकही नसतो. बुडाच्या फटीशी सात-आठ घोळक्यानं बसलेत, आणि शिंपल्याच्या खवल्यांत जेलीसारखं काहीतरी चिकटलंय. हे काय आहे? सगळा टँक उपसू का?

शंखिनी:
नको, टँकला हात लावू नका. हे पिरामिडेलिड, म्हणजे परजीवी शंख. सोंड खुपसून क्लॅमचा रस पितात. जेली म्हणजे त्यांची अंडी. क्लॅम टँकच्याच पाण्याच्या वाडग्यात घ्या, जुन्या टूथब्रशनं शिंपला बाहेरून घासा, खवल्याखवल्यांतून. मँटल आणि बुडाची फट टाळा, तिथले शंख चिमट्यानं उचला. वाडग्यातलं पाणी फेकून द्या. नंतर क्लॅमला एका सपाट छोट्या दगडावर बसवा, तो दगड धरेल, म्हणजे पुढच्या वेळी दगडासकट उचलता येईल. एकदा घासून भागत नाही, राहिलेल्या अंड्यांतून पुन्हा पिल्लं निघतात. काही आठवडे दर दोन-तीन दिवसांनी तपासा.

डोंबिवलीकर_दुबई:
गोड्या पाण्यात बुडवून काढा.

शंखिनी:
दीड इंचाच्या, आधीच खंगलेल्या क्लॅमला? मी नाही सुचवणार. सिक्स लाइन रॅस मासा ठेवता येईल, तो हे शंख वेचून खातो. पण अंडी हातानंच काढावी लागतात.

अबोली_एनजे:
घासतेय. एक विचारायचं राहिलं, खवल्याच्या आतल्या बाजूची अंडी ब्रशला लागत नाहीयेत. टूथपिक चालेल का?

शंखिनी:
चालेल, लाकडी घ्या. टोक बाहेरच्या दिशेनं ठेवा.

प्रवाळप्रेमी:
आणि नायट्रेट वाढवाच. शंख गेले तरी उपाशी क्लॅम भरून येत नाही. शिंपल्याच्या काठाला पांढरी नवी कड दिसायला लागली की समजा वाढतोय.