मदत हवी आहे: मोठ्या ट्यूनासाठी जिगिंगचा रॉड

राम राम मंडळी. भुसावळहून आम्ही तिघं अंदमानला यलोफिन, डॉगटूथ या ट्यूनांवर जिगिंगला चाललोय (जिग म्हणजे धातूचं जड आमिष, ते खोल सोडून झटके देत वर ओढायचं). हतनूर धरणावर कटल्यासाठी लागणारे ९ फुटी रॉड तिथे बिनकामाचे. मासा बोटीखाली सरळ खोल जातो अन् लांब रॉडचा भार थेट कमरेवर येतो. म्हणून साडेपाच फुटी, पीई ६ चा (पीई म्हणजे विणलेल्या दोरीच्या जाडीचं माप), ३००-४०० ग्रॅम जिग पेलणारा बघतोय.

अडलंय ते स्पिनिंग (रीळ रॉडच्या खाली) की ओव्हरहेड (रीळ रॉडच्या वर) यावर. ओव्हरहेडला गाइड, म्हणजे दोरीच्या कड्या, वरच्या बाजूला, त्यामुळे ताण आला की रॉड हातात फिरतो. स्पायरल गाइडवाला (कड्या वरून वळत खालच्या बाजूला जाणारा) घेतला तर १० किलो ड्रॅगला, म्हणजे रिळाच्या ब्रेकच्या ताणाला, निभावेल का? विमानात न्यायचाय, म्हणून जोड मुठीपाशीच हवा. मधोमध असला की नेमका तिथेच वाक अडतो. वापरलेलं मॉडेल असेल तर ड्रॅगसकट सांगा.