गोचीड, कुसळं आणि घरात एक मांजर: मदत हवी आहे

मंडळी, पाऊस थांबून ऊन तापायला लागलं आणि आमच्या कुत्र्याच्या, शेरूच्या अंगावर गोचीड सुरू झाले. रोज सकाळी टेकडीवर फिरायला नेतो, तिथलं गवत आता कमरेएवढं वाढून पिवळं पडलंय. काल कानाच्या आतल्या घडीतून सात काढले, एक तर रक्त पिऊन वाटाण्याएवढा फुगलेला. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढतो, रॉकेल वगैरे लावत नाही. पण आज बाल्कनीच्या भिंतीवर दोन चढताना दिसले! म्हणजे फटींत अंडी घातली असणार. तिथे काय मारावं?

मुख्य अडचण मनीची. ती शेरूला चिकटूनच झोपते. कुत्र्यांच्या मानेवर सोडायच्या काही औषधी थेंबांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि ते मांजरांना विषारी, म्हणून ते नको. महिन्याला एक खायची गोळी मिळते म्हणे. कोणी दिली आहे का? पोट बिघडलं का?

गेल्या वर्षी याच दिवसांत त्याला गोचीडताप आला होता. प्लेटलेट्स उतरल्या, हिरड्या पांढऱ्या, चार दिवस अन्नाला तोंड नाही. आधीच्या दवाखान्यात 'उन्हाने असेल' म्हणून परत पाठवलं होतं, रक्त तपासलंच नाही. त्यामुळे यंदा जरा धास्तीच आहे.

आणखी एक, बोटांच्या बेचक्यात कुसळ रुतून गाठ आलीये, सारखा चाटतो. मिठाच्या कोमट पाण्याने शेकू की थेट डॉक्टरकडेच नेऊ?