मदत हवी आहे: अमोनियम सल्फेटमध्ये धातू नाही, तरी ते आयनिक कसं?

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. धाकटी बहीण अकरावी सायन्सला, क्लाससाठी नाशिकला जाऊन येऊन करते. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, त्यामुळे रात्री अडलेलं सगळं माझ्यापुढे येतं. माझं शिक्षण शेतीतलं, रसायनशास्त्र वरवरचं.

तिला शिकवलेला नियम असा: धातू आणि अधातू एकत्र आले की संयुग आयनिक, म्हणजे आयनांचं (प्रभार असलेल्या कणांचं), सगळेच अधातू असले की सहसंयुज, म्हणजे रेणूंचं. मीठ, पाणी, कार्बन डायऑक्साइड इथवर जमतं. पण आमच्या गोदामात युरिया आहे आणि अमोनियम सल्फेटही. दोन्हींत एकही धातू नाही, दोन्ही पांढरे, दोन्ही पाण्यात विरघळतात. तरी पुस्तक अमोनियम सल्फेटला आयनिक म्हणतं आणि युरियाला नाही. विद्युतऋणतेतला (अणूच्या इलेक्ट्रॉन ओढून घेण्याच्या ताकदीतला) फरक १.७ च्या वर गेला की आयनिक, असंही तिच्या वहीत आहे. मग हायड्रोजन फ्लोराइडमध्ये तो जवळपास १.८ असून ते रेणू का? पोरगी पाठांतर करायला तयार नाही, तिला कारण हवंय. कृपया सांगा.

प्रतिसाद:
दादा, बहिणीचा हट्ट रास्त आहे. सूत्र दिसलं की धातू शोधण्याआधी मूलकं, म्हणजे प्रभार असलेले अणूंचे गट, शोधायला सांगा: अमोनियम, सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट, फॉस्फेट. अमोनियमवर एक धन प्रभार असतो, सल्फेटवर दोन ऋण, म्हणून एका सल्फेटला दोन अमोनियम. मूलकाच्या आतले बंध सहसंयुजच, पण दोन मूलकांना एकत्र धरतं ते विरुद्ध प्रभारांचं आकर्षण. तुमच्या मोरचुदातही (कॉपर सल्फेट) सल्फेटच्या आतली गोष्ट तीच. युरियात मात्र प्रभार असलेला गटच नाही. त्याचा अख्खा रेणू जसाच्या तसा पाण्यात उतरतो. म्हणूनच युरिया साधारण १३३ अंश सेल्सिअसला वितळतो आणि मिठाला ८०१ अंश लागतात.

१.७ हा ढोबळ अंदाज आहे, कायदा नव्हे. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये इलेक्ट्रॉनची जोडी फ्लोरिनकडे खूप ओढलेली असते, पण ती वाटून घेतलेलीच असते.

ठिबकाच्या पाण्यासाठी ईसी मीटर (पाण्यातून वीज किती वाहते ते मोजणारं, आयन जास्त तितका आकडा मोठा) असेल तर तिला करूनच दाखवा. बोअरचं पाणी नको, त्यात आधीच क्षार असतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर दोन स्वच्छ ग्लासांत घ्या, एकात चिमूटभर युरिया, दुसऱ्यात तेवढंच अमोनियम सल्फेट. पहिल्यात आकडा जेमतेम हलेल, दुसऱ्यात झटकन चढेल.

धागाकर्ता:
सर, मनापासून आभार. मूलकांचं तिला लगेच पटलं. पण तिचा पुढचा प्रश्न: ठिबकाच्या नळ्या धुवायला आम्ही हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरतो, त्यातूनही वीज वाहते. मग ते आयनिक का नाही?

प्रतिसाद:
फार छान प्रश्न! हायड्रोजन क्लोराइड हा वायू मुळात रेणूंचाच. पाण्याशी त्याची अभिक्रिया होते आणि आयन तेव्हा तयार होतात. मिठात ते आधीपासून असतात, पाणी फक्त त्यांना सुटं करतं. त्यामुळे मीटरवरून आयन आहेत एवढंच कळतं, कुठून आले ते नाही. खरी कसोटी पाण्याशिवायची. वितळलेलं मीठ वीज वाहून नेतं. द्रवरूप, कोरडं हायड्रोजन क्लोराइड जवळजवळ नाही.

याच कसोटीवर ॲल्युमिनियम क्लोराइडही फसतं, धातू असूनही. लहानशा ॲल्युमिनियम आयनावर तीन धन प्रभार येतात आणि तो क्लोराइडचा इलेक्ट्रॉन मेघ स्वतःकडे ओढतो, त्यामुळे बंध सहसंयुजाकडे झुकतो. फाजान्सचा नियम तो हाच. फ्लोराइडचा मेघ लहान आणि घट्ट, तो असा ओढला जात नाही, म्हणून ॲल्युमिनियम फ्लोराइड आयनिक मानतात.

नावांचंही तिला सांगून ठेवा. डाय, ट्राय, टेट्रा हे अणू मोजणारे उपसर्ग रेणूंच्या संयुगांना लागतात: डायनायट्रोजन टेट्राऑक्साइड. कॅल्शियम क्लोराइडला डायक्लोराइड म्हणत नाहीत, कारण प्रभारांवरूनच प्रमाण ठरतं. पेपरात यावर हमखास गुण जातात.